आत वाकलेली काडी

ताई : ‘आधी चष्म्याकडे बघायचं पोरी, मग माणसाकडे. माणूस लाजतं, चष्मा लाजत नाही.’ अण्णांचा आवाज हा. मी सात वर्षांची. स्टुलावर चढले तरी या काउंटरच्या वर नुसतं कपाळ यायचं माझं, आणि मागून हा आवाज यायचा, मऊ फडक्यानं पुसून ठेवल्यासारखा. अजून येतो बघ, कुणाचा मोडका चष्मा हातात घेतला की.

साळू : मामंजी असं म्हणायचे? मला तर त्यांचा नुसता फोटोच माहीत. पण ताई, मी फक्त काडी सरळ करून घ्यायला आलेय. पाच मिनिटांचं काम आहे ना?

ताई : नणंदेच्या दुकानात येऊन पाच मिनिटं? आधी बस. ती खुर्ची नाही, कुंडी आहे. खुर्ची इकडे.

साळू : तरीच म्हटलं, खुर्चीला पानं कुठून फुटली.

ताई : वजा सात नंबर, डोळ्यांवर चष्मा नाही, आणि घरापासून इथवर एकटी! आलीस कशी गं?

साळू : थाटात आले. डावी काच फुटली, उजवी निखळली पण धड होती. ती अशी चिमटीत धरली डोळ्यासमोर, जुन्या नाटकातल्या सरदारासारखी, आणि निघाले. बसमध्ये एक आजोबा उठून उभे राहिले. त्यांना वाटलं, कुणीतरी मोठ्या घरची बाई आहे.

ताई : आणि बस कुठली ते कसं कळलं?

साळू : विचारलं. तिघांना. तिसरा म्हणाला, ‘बाई, ही बस नाही, पाण्याचा टँकर आहे.’

ताई : अगं हसवू नकोस, चिमट्यात स्क्रू आहे! एवढासा असतो तो, जोरात शिंकलं तरी हरवतो. हां. आता सांग, या वेळी काय झालं चष्म्याला?

साळू : पडला. बेसिनवरून.

ताई : मागच्या वेळी?

साळू : मागच्या वेळी मी बसले ना त्याच्यावर.

ताई : आणि त्याच्या आधी कपाटाचं दार. आठ महिन्यांत तीन. मला शाळेतल्या पोरांचे चष्मे इतक्यांदा येत नाहीत, आणि ती पोरं चष्म्यानं क्रिकेट खेळतात.

साळू : वेंधळी आहे मी. हे म्हणतातच, ‘तुझ्या हाताला भोकं आहेत.’

ताई : ऐक, मी जुळवलंय काहीतरी.
साळूच्या चष्म्याच्या गं, दोन चांदण्या फुटल्या,
विचारलं चांदण्यांना, म्हणे आपोआप तुटल्या.

साळू : अय्या! तुम्ही कधीपासून जुळवायला लागलात? ते तर माझं खातं.

ताई : तुझंच होतं. लग्न होऊन आलीस तेव्हा घरातल्या प्रत्येकावर दोन दोन ओळी जुळवल्या होत्यास. माझ्या नाकावर चार. उगाच का साळू नाव पडलं तुझं? साळुंकीसारखी टिवटिव चालायची दिवसभर. शेवटच्या ओळी कधी जुळवल्यास, आठवतंय?

साळू : कामं असतात हो. छापखान्याची मुद्रितं असतात. दिवसभर लोकांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका शोधायच्या, मग गाणं कुठून सुचणार?

ताई : आधी छापखान्यात बसून शोधायचीस. तिथे चौघी होतात तुम्ही, डबे एकत्र खायचात.

साळू : आता घरी आणून तपासते. ह्यांना बरं वाटतं मी घरी असले की.

ताई : बरं. मग मीच जुळवत बसते. दुपारी गिऱ्हाईक नसतं. इकडे बघ जरा. दिव्याकडे. नाकावर काय आहे?

साळू : कुठे?

ताई : डाव्या बाजूला. अर्ध्या तांदळाएवढी खोक आहे.

साळू : नख लागलं असेल.

ताई : नाकाला टेकतो तो पारदर्शक तुकडा आहे ना, नाकपट्टी, ती रुतल्याची खूण आहे ही. नख असं गोल रुतत नाही.

साळू : ताई, तुम्ही चष्मे विकता की चोर पकडता?

ताई : दोन्हीला भिंगच लागतं. हात दे. ही डावी काडी धर. बोटांनी बघ, डोळ्यांचं काम नाही. कुठे वाकलीय?

साळू : बिजागरीपाशी.

ताई : कुठल्या बाजूला?

साळू : आत.

ताई : आत. आता ऐक, मी तुला आमच्या धंद्यातलं सांगते, फुकट. चष्मा बेसिनवरून पडला की काचेचा कोपरा उडतो, काड्यांना काही होत नाही. त्याच्यावर कुणी बसलं की दोन्ही काड्या फाकतात, पोहणाऱ्या बेडकासारख्या. दारात चेपला तर नाकावरचा पूल मोडतो. आणि एकच काडी आत वाकते, नाकपट्टी रुतते, तीही त्याच बाजूची, असं कधी होतं ठाऊक आहे? चष्मा नाकावर असतो तेव्हा. आतून चेहरा आणि बाहेरून काहीतरी.

साळू : चेंडू लागला.

ताई : कुणाचा?

साळू : पोरं खेळत होती.

ताई : बेसिनवर?

साळू : …तुम्ही ना, अगदी वकिलीणबाई आहात.

ताई : हसू नकोस, साळू. हसायचं असेल तर हस, पण मग तोंड माझ्याकडे करून हस. फडताळाकडे बघून नको.

साळू : मला फडताळ आणि तुम्ही सारखेच दिसताय.

ताई : मग पुढे सरकते. दिसतेय आता?

साळू : हो. ताई, तुम्ही त्यांच्या सख्ख्या बहीण आहात.

ताई : माहितेय मला. चाळीस वर्षं झाली.

साळू : मग मी तुम्हाला काय सांगणार? आणि सांगण्यासारखं आहे तरी काय? एकदा हात लागला. रागात होते, मी मधे गेले. त्यांनी लगेच माफी मागितली. रडले चक्क. बर्फ आणून दिला.

ताई : एकदा?

साळू : म्हणजे… या महिन्यात एकदा. अहो, तुम्हाला वाटतंय तसं नाही ते. तशा बायका मी वाचल्यात, पुस्तकंच्या पुस्तकं तपासलीत. ते नवरे पिऊन येतात, ताटं फेकतात. हे तर दुधाला विरजणसुद्धा स्वतः लावतात. शेजारच्या काकू म्हणतात, नशीब काढलंस.

ताई : आमचं शेंडेफळ पहिल्यापासून लोकांना आवडतं. बरं, मारायचं राहू दे बाजूला. मला नुसता दिवस सांग तुझा. सकाळी उठतेस.

साळू : उठते. चष्मा शोधते.

ताई : शोधतेस? रात्री उशाशी ठेवत नाहीस?

साळू : ठेवते की. पण आदल्या रात्री काही बिनसलं असलं, तर तो कपाटावर असतो.

ताई : कपाटावर कसा जातो?

साळू : हे ठेवतात. राग गेला की काढून देतात. कधी सकाळी, कधी दुपारी. एकदा दोन दिवस विसरले.

ताई : दोन दिवस.

साळू : अहो, गंमत झाली त्या वेळी. मिठाच्या जागी साखर घातली आमटीत, आणि…

ताई : आणि मग?

साळू : नाही, ती गंमत नाही तशी. सोडा.

ताई : वजा सात नंबरच्या बाईचा चष्मा कपाटावर ठेवायचा. साळू, मी जन्मभर हा धंदा केलाय, पण कुणाला असं डांबून ठेवता येतं हे मला सुचलं नसतं. दाराला कडीसुद्धा लावायला नको.

साळू : डांबून काय, तुम्ही पण! मी बाहेर जाते की. फक्त कुठे आहे ते कळवायचं. तासातासाला फोटो पाठवायचा. काळजी वाटते त्यांना.

ताई : आणि नाही पाठवला तर?

साळू : मी पाठवतेच.

ताई : ते मी विचारलं नाही.

साळू : थांबा, थांबा, फोन वाजतोय. त्यांचाच असणार. मघाशी पाठवायचा राहिला! …हॅलो. हो. हो, ताईंच्याच दुकानात. नाही हो, दुसरं गिऱ्हाईक कुणी नाही. कारण काच नाही ना डोळ्यांवर, कॅमेरा दिसला नाही. हो, चुकलं. नाही, चिडू नका. पाचच मिनिटं. पाच…

ताई : दे इकडे. …काय रे शेंडेफळा! जेवलास का? अरे, तुझ्या बायकोचा नंबर वाढलाय वाटतं. आज आमच्याकडे डोळ्यांचे डॉक्टर बसलेत आतल्या खोलीत, त्यांनी थेंब घातलेत तिच्या डोळ्यांत. बुबुळं ही एवढी! आता तीन तास पांढरं धुकं, समोरचा हत्तीही दिसायचा नाही. …तू न्यायला येतोस? कामावरून? कशाला रजा टाकतोस? बसू दे इथेच, पंख्याखाली. मी सोडते नंतर. हो. हो रे. फोटो? थेंब घातलेल्या डोळ्यांचा फोटो काढला तर उजेड लागतो, डॉक्टर ओरडतील मला. ठेव आता.

साळू : ताई! केवढं धडधडीत खोटं!

ताई : थेंबांचं खरं आहे. घातले की तीन तास धुकंच असतं. फक्त घातले नाहीत एवढंच.

साळू : आणि डॉक्टर?

ताई : दर सोमवारी येतात. आज गुरुवार.

साळू : किती दिवसांनी इतकं हसले मी. …काय पडलं हो तुमच्या हातून?

ताई : पक्कड. जड आहे. तर तीन तास मिळाले. तीन तासांत काय काय करता येतं माहितेय? एक फोन करू. तू म्हणालीस तरच.

साळू : कुणाला? पोलिसांना नको हं. आईला तर मुळीच नको, तिचं ब्लडप्रेशर…

ताई : माझ्या एक गिऱ्हाईक आहेत. दर वर्षी लाल फ्रेम घेतात, कितीही सांगितलं तरी लालच. बायकांसाठीच्या मदत केंद्रात बसतात. घरातून बाहेर पडावं लागलेल्या, पडावं की नाही हे कळत नसलेल्या, सगळ्यांशी बोलतात. नाव सांगायला लागत नाही.

साळू : म्हणजे माझं तेवढं झालंय असं वाटतं तुम्हाला?

ताई : मला काय वाटतं ते जाऊ दे. तू दिवसभर लोकांच्या चुका खुणावतेस ना? हीच सगळी हकिगत दुसऱ्या कुणाची म्हणून तुझ्या पुढ्यात आली असती, तर समासात काय लिहिलं असतंस?

साळू : …लावा फोन.

ताई : स्पीकरवर ठेवते. …हॅलो, मी चष्म्याच्या दुकानातून बोलतेय.

फोनवरच्या बाई : आल्या का माझ्या काचा? की पुन्हा तुमचं, ‘तपकिरी घेऊन बघा’?

ताई : काचा शनिवारी. आज दुसरं काम आहे. माझ्यासमोर एक जण बसलीय. ती बोलेल तुमच्याशी.

फोनवरच्या बाई : बरं. दार ओढून घ्या दुकानाचं. नमस्कार. मला नाव नको. आत्ता तुम्ही सुरक्षित आहात का, आणि तिसरं कुणी ऐकत नाहीये ना, एवढं सांगा.

साळू : आहे. म्हणजे, सुरक्षित आहे. ह्यांची बहीण आहे फक्त शेजारी.

फोनवरच्या बाई : त्यांची बहीण. त्या असलेल्या चालतील तुम्हाला?

साळू : …चालतील.

फोनवरच्या बाई : काही लागलंय का तुम्हाला आज?

साळू : नाकावर थोडं. चष्मा मोडला. तोच दुरुस्त करायला आले होते.

फोनवरच्या बाई : केला का दुरुस्त?

ताई : करतेच आहे. पक्कड तापलीय, आत्ता सरळ करते बघा काडी.

फोनवरच्या बाई : नका करू! खाली ठेवा तो. हात लावू नका त्याला. तो चष्मा जसा आहे तसा हवा मला. फोटो काढा, काचेचे तुकडे असतील तर पाकिटात घाला, वर तारीख टाका. पुढे उपयोगी पडेल.

ताई : अरे देवा.

फोनवरच्या बाई : काय झालं?

ताई : आधी दोनदा मोडला होता. दोन्ही वेळा मीच नवी काडी बसवून दिला. अगदी नव्यासारखा. साळू म्हणालीसुद्धा, ‘कळतही नाही कुठे मोडला होता.’ आणि मी खूश झाले.

साळू : तुमचं कामच आहे ते, ताई.

फोनवरच्या बाई : जुने सुटे भाग काही उरलेत का?

ताई : काड्या! काड्या असतील. मोडकी काडी मी टाकत नाही, स्क्रू निघतात तिच्यातून. चिठ्ठी बांधून डब्यात ठेवते, कुणाची, कुठल्या दिवशीची ते लिहून. थांबा हं… ही एक. आणि ही दुसरी. बघ साळू, दोन्ही डाव्या. दोन्ही आत.

साळू : मला बघायच्या नाहीत.

फोनवरच्या बाई : नका बघू. त्यांना ठेवू दे जपून. मी काही प्रश्न विचारते, नको वाटलं तर ‘नको’ म्हणा, मी पुढे जाईन. घराची किल्ली तुमच्याकडे असते?

साळू : असते. म्हणजे, बाहेर जाताना मागून घ्यायची.

फोनवरच्या बाई : तुमच्या कामाचे पैसे?

साळू : ह्यांच्या खात्यात जातात. सोपं पडतं.

फोनवरच्या बाई : मुलं?

साळू : नाहीत.

फोनवरच्या बाई : कधी गळ्याला हात लावलाय त्यांनी?

साळू : ताई, पंखा जरा वाढवता का?

फोनवरच्या बाई : नको म्हटलंत तरी चालेल.

साळू : एकदा. नुसती बोटं ठेवली होती. फारशी दाबली नव्हती.

ताई : साळू.

साळू : फारशी नाही म्हणतेय ना मी!

फोनवरच्या बाई : ताई, तुम्ही थोडं थांबा. ‘फारशी नाही’ म्हणजे दाबली होती. घाबरवायला सांगत नाही मी, पण गळ्याला हात लागला की आम्ही ते फार मनावर घेतो. आज आमच्या डॉक्टरांना दाखवू या. चालेल?

साळू : पण ह्याला काय म्हणायचं? छळ? मी शब्दांचं काम करते हो. तो शब्द फार मोठा आहे. आमच्या घराला तो ढगळ होईल.

फोनवरच्या बाई : शब्द नंतर ठरवा, घाई नाही. सवडीनं, तुमचा तुम्ही. आज कुठे झोपायचं ते आधी ठरवू. तुम्हाला घरी जावंसं वाटतंय का?

साळू : दूध तापवायचं राहिलंय.

फोनवरच्या बाई : बरं. आणखी?

साळू : आणखी… कपडे वाळत घातलेत. आणि उद्या मुद्रितं द्यायचीत. आणि… नाही. नाही वाटत जावंसं. मघाशी बसमधून उतरले ना, तेव्हाच मला वाटलं, ही बस आणखी लांब जाते. बसून राहिले असते तर?

ताई : माझ्याकडे चल. आता माझी वेगळी खोली आहे ना, मी जमिनीवर झोपेन.

फोनवरच्या बाई : ताई, राग मानू नका. पण त्यांना पहिलं तुमचंच घर सुचेल. आमच्याकडे खोली आहे. आतून कडी आहे, खिडकी आहे, तिघी बायका आहेत. एक खूप घोरते, आधीच सांगते.

साळू : घोरू दे. कपड्यांचं काय करू?

फोनवरच्या बाई : कपडे आहेत. कागदपत्रं महत्त्वाची. ओळखपत्र, शाळेचे दाखले, बँकेचं काही. घरी असतील तर आज एकट्यानं आणायला जायचं नाही, आपण सोबत घेऊन जाऊ कधीतरी.

साळू : घरी नाहीत. छापखान्यात आहेत.

ताई : छापखान्यात? कधी ठेवलीस?

साळू : गेल्या महिन्यात. मुद्रितांच्या गठ्ठ्यात घातली आणि मालकीणबाईंना म्हटलं, हे पाकीट राहू द्या तुमच्या कपाटात. त्यांनी काही विचारलं नाही. का ठेवली ते मलाही ठाऊक नव्हतं. म्हटलं, घरी वाळवी लागते.

फोनवरच्या बाई : घरी वाळवी आहे?

साळू : नाही.

फोनवरच्या बाई : बाई, तुम्ही महिन्यापूर्वीच निघाला आहात. आज फक्त बस मिळाली. चारला मी केंद्राच्या दारात उभी असते. लाल फ्रेम, चुकायची नाही. बसनं येऊ नका, ताईंना टॅक्सी बोलवायला सांगा. आणि निघताना तो फोन बंद करा, म्हणजे पूर्ण बंद. ठिकाण कळतं त्यावरून. काही प्रश्न?

साळू : मी… उद्या मन बदललं तर?

फोनवरच्या बाई : तर बदललं. दार आतून उघडतं. तुम्हाला काय करायचंय ते मी ठरवणार नाही, तेवढं मात्र नक्की. निघा सावकाश.

ताई : ठेवला त्यांनी. …पाणी देऊ?

साळू : पाणी नको. चष्मा द्या. ताई, मला त्यांच्या दारात तरी नीट उभं राहायचंय. तो टँकरवाला प्रकार पुन्हा नको.

ताई : अगं हो! तयार काचा आहेत, वजा सातच्या, एका म्हातारबुवांनी ऑर्डर दिली आणि नेल्याच नाहीत. वीस मिनिटांत बसवते. फ्रेम निवड. ह्या ट्रेमध्ये पातळ, ह्यात जाड.

साळू : दिसत नाही तर निवडू कशी?

ताई : हाताला बरी लागेल ती घे. लोक आरशात बघून घेतात आणि आठ दिवसांनी परत येतात, कानाला टोचते म्हणून.

साळू : ही. ही गार आहे छान. रंग कुठला आहे?

ताई : हिरवा. पोपटासारखा.

साळू : ह्यांना नाही आवडणार. …बघा, जीभ कशी सवयीनं वळते.

ताई : वळू दे. वळता वळता सरळ होईल. धर, ही काच पूस तोवर, हात मोकळे ठेवू नकोस.

साळू : ताई, हे लहानपणी कसे होते हो?

ताई : लहानपणी? लहानपणी जाडा होता. सायकलवर बसला की सायकल रडायची. ते फडकं नको, पिवळं घे, त्यानं रेघा पडत नाहीत.

साळू : तसं नाही, स्वभावानं. मला सारखं वाटतं, माझ्यामुळे बिघडले. मी फार बोलायचे. त्यांना शांत आवडतं.

ताई : तुझ्यामुळे नाही.

साळू : तुम्ही म्हणणारच. तुम्ही चांगल्या आहात. दुसरी नणंद असती तर भावाची बाजू घेतली असती, घरी फोन केला असता. मी मनात म्हणत होते, ताईंना कळलं तर त्या मला तोंड दाखवणार नाहीत. आणि तुम्ही हे असं…

ताई : नाक पुढे कर. हनुवटी वर. कानामागे टोचतंय?

साळू : नाही. …अय्या! किती स्वच्छ! ते बघा, समोरच्या गच्चीवरच्या दोरीचे चिमटेसुद्धा दिसतायत. एक, दोन, तीन… सात चिमटे! आणि तुमच्या भिंतीवरच्या पाटीतला एक अनुस्वार पडलाय.

ताई : आली साळू परत.

साळू : ऐका, ऐका, सुचतंय. 
चष्मा मोडला मोडला, काच चिमटीत धरली,
अर्ध्या दिसत्या जगात, माझी सारी वाट सरली.

ताई : …पुन्हा म्हण.

साळू : नको, तुम्ही रडाल. टॅक्सीला फोन करा आधी. आणि माझा हा बंद कसा करायचा पुरता? इथलं बटण दाबून धरायचं ना? …झाला. केवढा हलका झाला खिसा! ते विचारायला आले तर तुम्ही काय सांगाल?

ताई : सांगेन, धुकं गेलं आणि ती निघून गेली.

साळू : तुमच्यावर ओरडतील.

ताई : ओरडू दे. शेजारच्या किराणावाल्याला सांगून ठेवते, आणि लाल फ्रेमवाल्या बाईंना विचारते मी काय करायचं ते. …ती बघ, पांढरी टॅक्सी आली. काड्यांचं पाकीट घेतलंस? आणि मोडका चष्मा? त्याची डबी वेगळी ठेव.

साळू : घेतलं सगळं. मी जाते एकटी, ताई. खरंच. तुम्ही दुकान सोडू नका माझ्यासाठी. तुम्ही इतकं केलंत…

ताई : थांब. पायरी उतरू नकोस. टॅक्सी थांबेल दोन मिनिटं. ते तुझं ‘इतकं केलंत’ घेऊन मला इथे बसता येणार नाही. तुझी आई आली होती या दुकानात.

साळू : आई? कधी?

ताई : तुमच्या लग्नाच्या आधी. पंधरा दिवस असतील. वाचायचा चष्मा करायला आले म्हणाली, पण चष्मा तिच्या पर्समध्ये होता, मला दिसला. ह्याच खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘तुम्ही थोरल्या बहीण, एका घरात राहता. माझी पोर फार बोलते हो. मुलगा तापट तर नाही ना? काय असेल ते मला खरं सांगा, मी कुणाला बोलणार नाही.’ मी काच पुसत होते कुणाची तरी. पुसतच राहिले.

साळू : मग काय सांगितलंत तिला?

ताई : म्हटलं, ‘नाही हो. आवाजसुद्धा चढत नाही त्याचा.’ ती इतकी खूश झाली, माझे हात धरले तिनं.

साळू : अहो, मग त्यात काय? तुम्हाला तरी तेव्हा कुठे माहीत होतं?

ताई : तिला तो प्रश्न दोनदा विचारावा लागला, साळू. पहिल्यांदा मला ऐकूच आला नाही. ती डाव्या बाजूला बसली होती, आणि माझ्या डाव्या कानावर त्यानं मारल्याला तेव्हा आठच दिवस झाले होते.